तिथीची पाऊणपट

मास्तर माझा शाळेपासूनचा मित्र. आता गणित शिकवतो म्हणून मास्तर म्हणायचं, पण खरं तर तो नववीतही मास्तरच होता. जानेवारीत शुक्रवार ते रविवार अशी सुट्टी जुळली. पुण्याहून ताम्हिणी उतरून श्रीवर्धन गाठायचं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने गुहागरपर्यंत जायचं, एवढं ठरलं. मी मोबाइलवर अंतरं मोजत होतो, तोवर मास्तराने भिंतीवरचं कालनिर्णय काढून मांडीवर घेतलं.

"शुक्रवारी पौष वद्य प्रतिपदा. झकास. शनिवारी द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातला. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा साडेसातला करू."

हे कुठून काढलंस, म्हणून विचारलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. मास्तराचे आजोबा हर्णै बंदरावर कस्टममध्ये नोकरीला होते. त्यांनी त्याला पाढे शिकवले ते याच कामासाठी, पाऊणकीसकट.

गाड्या दोन. माझी साडेतीनशे सीसीची, दोन वर्षांपूर्वी हप्त्यांवर घेतलेली. मास्तराची शंभर सीसीची स्प्लेंडर, जिचं वय विचारलं की तो विषय बदलतो. सामान म्हणजे माझ्याकडे दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या वॉटरप्रूफ बॅगा, आणि मास्तराकडे शाळेची जुनी दप्तरासारखी बॅग, सीटवर रबरी पट्ट्याने आवळलेली. त्याच पट्ट्यात एक शंभर पानी वहीही होती. ती कशासाठी हे पहिल्याच पेट्रोल पंपावर कळलं.

शुक्रवार : पुणे – ताम्हिणी – दिवेआगर – हरिहरेश्वर

सहाला चांदणी चौक सोडला. पिरंगुटपर्यंत अंधार आणि कंपन्यांच्या बसेस. पौडला पहिला चहा झाला तेव्हा बोटं हातमोज्यातून बाहेर यायला तयार नव्हती. मुळशीच्या पाण्यावरून धुकं उठत होतं. या धरणाखाली जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला आणि त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. आता त्याच पाण्याकडे तोंड करून रिसॉर्टांच्या कमानी उभ्या आहेत, एकीपेक्षा एक उंच. आम्ही थांबलो नाही.

ताम्हिणी लोक पावसाळ्यात बघतात. हिवाळ्यात घाट रिकामा असतो, धबधब्यांच्या जागी काळ्या कातळावर पांढरट ओघळ राहिलेले असतात आणि रस्ता चक्क दिसतो. वळणांवर मी मास्तराला गाठायचो आणि सरळ पट्टा आला की मागे टाकायचो. हा माझा समज. घाट उतरून विळ्याला थांबलो तर तो आधीच पोचून पेरू खात होता. "तू प्रत्येक वळणाला ब्रेक मारतोस आणि मग गाडीला परत पळवतोस. मी एकाच वेगाने येतो. पेट्रोल कुणाचं जळतंय?" वहीत नोंद झाली.

निजामपूरवरून माणगाव. तिथे मुंबई-गोवा हायवे आडवा जातो. या रस्त्याबद्दल इतकी वर्षं इतकं बोलून झालंय की आता फक्त तो ओलांडावा आणि पुढे जावं. मोर्ब्याच्या बाजूने म्हसळ्याला निघालो आणि हवेला पहिल्यांदा ओला वास आला. मोहोराचा वासही त्यातच. आंब्याच्या झाडांना नुकतीच तांबूस-पिवळी झालर लागली होती. जॅकेट काढून बॅगेवर बांधलं.

दिवेआगरला साडेअकरा. गावात शिरायचं म्हणजे पोफळींच्या सावलीत शिरायचं, ही माझी पंधरा वर्षांपूर्वीची आठवण. आता सावलीत मोठमोठी भोकं पडली आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर जमिनीला भिडलं. जिथे जेवलो त्या घरच्या काकू वाढता वाढता सांगत होत्या, "माड मोडला तर कळतं तरी, केवढा आवाज येतो. पोफळी नुसत्या आडव्या. सकाळी वाडी होती, संध्याकाळी घरातून समुद्र दिसायला लागला. चाळीस वर्षं या घरात आहे, इथून समुद्र दिसतो हे मला माहीतच नव्हतं." नवी लावलेली पोफळ फळायला पाच-सात वर्षं घेते. मधल्या वर्षांत काकूंनी मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. पानात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी. मास्तराने सुरमई मागितली. घरी तो शुद्ध शाकाहारी आहे; घाट उतरला की नियम शिथिल होतात, असं त्याचं त्यानेच ठरवलेलं आहे.

सुवर्णगणेशाच्या देवळात जाऊन आलो. १९९७ साली एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत हा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ साली दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांना मारून तो पळवला आणि वितळवला. परत मिळालेल्या सोन्यातून घडवलेला नवा मुखवटा २०२१ मध्ये बसला. सगळे मुखवट्याची गोष्ट सांगतात. त्या दोन पहारेकऱ्यांची नावं मात्र मला रस्त्यात विचारूनही कुणी पटकन सांगू शकलं नाही.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा आरावी-शेखाडीचा रस्ता म्हणजे या सहलीतला माझा सर्वात आवडता तुकडा. जेमतेम वीस-बावीस किलोमीटर. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मध्ये फक्त कठडा. प्रतिपदेची भरती पावणेएकची. आम्ही सव्वा वाजता तिथे होतो. पौर्णिमेची उधाणाची भरती, त्यामुळे पाणी कठड्याखालच्या दगडांवर आपटून वर उडत होतं आणि हेल्मेटच्या काचेवर खारे शिंतोडे वाळत होते. शेखाडीला थांबून काच पुसली. चार होड्या, वाळत घातलेली जाळी, क्रिकेट खेळणारी पोरं. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स याच किनाऱ्यावर उतरवलं गेलं, हे त्या गावाकडे बघून अजिबात खरं वाटत नाही. मास्तर म्हणाला, "जिथे कुणी थांबत नाही तिथेच उतरवणार ना." मग आम्हीही फार थांबलो नाही.

श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. तिथे रोठा सुपारी घेतली, आईसाठी. चारच्या सुमारास हरिहरेश्वर. मीटरवर दोनशे पाच किलोमीटर. अंघोळ केली आणि संध्याकाळ झोपाळ्यावर घालवली. ओहोटी पावणेसातला होती, पण तोवर अंधार पडतो. "उद्या साडेसात," मास्तर म्हणाला आणि नऊला घोरायला लागला.

शनिवार : हरिहरेश्वर – बाणकोट – हर्णै – दाभोळ – गुहागर

आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव, असा इथला दर्शनाचा क्रम आहे. तो उरकून देवळामागच्या पायऱ्या चढलो. डोंगराच्या चिरेतून त्या पायऱ्या एकदम खाली समुद्राकडे उतरतात. दोन्ही बाजूंना खडक आणि समोर पाण्याची उभी फट. खाली पोचलो तेव्हा सात पस्तीस झाले होते. पाणी लांब गेलं होतं. इतकं लांब की उघड्या पडलेल्या खडकांवर मुळे-कालवं काढणाऱ्या बायका आमच्याही पुढे, पार आत बसल्या होत्या.

मास्तराने घड्याळ दाखवलं, बोलला काहीच नाही. तो असाच वागतो आणि ते बोलण्यापेक्षा जास्त टोचतं.

प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोखरलेला आहे. हात लावला की बोटं भोकांत जातात. ओहोटीला हा रमतगमत चालायचा रस्ता. भरतीत तोच माणसं ओढून नेतो. धोक्याचे फलक आहेत. ते वाचूनही भरतीत सेल्फी काढायला उतरणारे आहेत. एका बाईंना विचारलं, "मावशी, पाणी कधी चढायला लागेल?" त्यांनी समुद्राकडे न बघता सांगितलं, "आज दुसरी ना? चढाय लागलाच." पाऊणपट त्यांनाही येत होती, आकडेमोडीशिवाय.

घावन-चटणी खाऊन साडेनऊला बागमांडल्याच्या जेट्टीवर. इथून सावित्रीची खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला जायचं. माणसं, रिक्षा, मोटारी, ट्रक, एक म्हैस, सगळं एकाच सपाट बोटीवर. हिला इथे जंगलजेटी म्हणतात. गाडी चढवताना लोखंडी फळीवर शेवाळ आणि वाळू असते. पुढचा ब्रेक विसरायचा आणि पाय खाली सोडून हळूहळू घ्यायचं. माझं मागचं चाक एकदा सरकलं. बोटीवरच्या पोऱ्याने हात न लावता नुसतं "हां हां" केलं आणि मी कसाबसा चढलो. मास्तराची स्प्लेंडर म्हशीच्या शेजारी लागली.

खाडीत न झालेल्या पुलाचे खांब उभे आहेत. किती वर्षं, ते बोटीवर प्रत्येकाने वेगळं सांगितलं. पलीकडे डोंगरावर बाणकोटचा किल्ला, ज्याचं इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया करून टाकलं होतं. पूल झाला की दहा मिनिटांत पार. मी हे कौतुकाने म्हणालो आणि मास्तर चिडला. "मग म्हशीशेजारी कधी उभा राहणार तू?" हा प्रश्न चुकीचा आहे हे मला कळतं. आजारी माणसाला रात्री मंडणगडहून पलीकडे न्यायचं असेल, त्याला विचारा पूल हवा की नको. पण ती वीस मिनिटं, इंजिन बंद, गाडीला टेकून नुसतं उभं राहणं, यासाठीच आपण आलोय हेही मला तेव्हा कळत होतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हींचा मेळ मला अजून बसवता आलेला नाही.

वेसवीहून मांदिवलीचा पूल ओलांडून केळशी. केळशीच्या पुढे उटंबरचा डोंगर चढताना, अगदी मधल्या वळणावर, माझ्या डाव्या हातातला क्लच एकदम हलका झाला. लिव्हर हँडलला चिकटलं आणि तिथेच राहिलं. क्लचची वायर तुटली होती.

नवीन गाडी, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग, दोन वॉटरप्रूफ बॅगा, टायरमध्ये हवा भरायचा बॅटरीवरचा पंप, पंक्चर किट, प्रथमोपचार पेटी. वायर नाही. मास्तर मागून आला. त्याने स्वतःच्या गाडीच्या हँडलखाली बोट दाखवलं: चालू वायरीला समांतर दुसरी नवी वायर, चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलेली. तुटली की फक्त टोकं बदलायची. "पण ही तुझ्या गाडीला आखूड पडेल," असं म्हणून त्याने एक सुस्कारा सोडला, ज्यात दुःख फार कमी होतं.

चढ पुढे थोडाच होता. ढकलत माथ्यावर नेली. साडेतीनशे सीसीची गाडी ढकलताना तिचं वजन किती आहे हे कागद न बघता समजतं. माथ्यावरून उतार, म्हणून न्यूट्रलमध्ये गडगडत निघालो आणि वेग आल्यावर क्लचशिवायच दुसरा गिअर टाकला. खाटकन आवाज झाला, पण बसला. ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून त्याच क्षणी पायाने गिअर ढकलायचा, असं मास्तर मागून ओरडत होता. आड्याच्या पहिल्या घरांपाशी गाडी बंद पडू दिली.

तिथे एक रिक्षा उभी होती, आणि रिक्षावाला आत पाय पसरून झोपलेला. त्याने अर्धा डोळा उघडून हकिगत ऐकली. मग सीट उचलून खालून रिक्षाच्या क्लचची इनर वायर काढली. "लांब आहे. लांब असलेली कापता येते. आखूड असलेली वाढवता येत नाही." जुनी वायर उपसली, नवी आत सरकवली, जास्तीची पकडीने कापली आणि टोकाला स्क्रूचं निपल आवळलं. पाऊण तास गेला, कारण माझ्या गाडीच्या कव्हरचे स्क्रू त्याच्या कुठल्याच पान्याला बसत नव्हते आणि शेवटी ते मास्तराच्या दप्तरातल्या पान्याने निघाले. दोनशे रुपये. मी अडीचशे पुढे केले तर त्याने पन्नास परत दिले आणि वर ऐकवलं, "एवढी मोठी गाडी घेतलीत तर साठ रुपयांची वायर ठेवा बरोबर." मास्तराने हे वाक्य वहीत उतरवून घेतलं. पेट्रोलच्या रकान्यात.

पाडले, आंजर्ले. कड्यावरच्या गणपतीला वर गेलो नाही. वेळ आडे गावाला देऊन बसलो होतो. खालूनच हात जोडले. जोग नदीचा पूल ओलांडून हर्णैला पोचलो तेव्हा दीड वाजला होता. भरती पूर्ण. सुवर्णदुर्गाच्या तटाला पाणी चाटत होतं आणि बंदरातल्या होड्या अगदी रस्त्याच्या उंचीला आल्या होत्या. १७५५ साली कमोडोर जेम्सने हा किल्ला आंग्र्यांकडून घेतला, आणि त्या वेळी पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. ही गोष्ट आपल्याकडे सांगतात, पण जरा आवाज खाली घेऊन.

मास्तराला आजोबांची भाड्याची खोली शोधायची होती. विहीर सापडली, विहिरीशेजारी कौलारू घराच्या जागी दोन मजली लॉज होतं, ओळखीचं कुणी नव्हतं. तो विहिरीत डोकावला, परत आला आणि म्हणाला, "जेवू या." मासळीचा लिलाव संध्याकाळी असतो, तोवर थांबणं शक्य नव्हतं. जेवणात ताजे बोंबील. त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की आम्ही दोघंही बोललो नाही.

कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे असा खालचा रस्ता घेतला. वर-खाली, वर-खाली, प्रत्येक गावासाठी एक डोंगर उतरायचा आणि गाव संपलं की दुसरा चढायचा. माझा डावा हात दुखायला लागला, कारण रिक्षाची वायर घट्ट होती. साडेचारला दाभोळ. जेट्टीजवळ सतराव्या शतकातली माँसाहेबांची मशीद आहे. बंदराच्या जुन्या वैभवातलं एवढंच ताठ उभं राहिलेलं. वाशिष्ठीच्या या मुखावरून दुसरी जंगलजेटी धोपाव्याला जाते. समोर अंजनवेलच्या बाजूला वीज प्रकल्पाच्या चिमण्या दिसतात. एन्रॉनने नाव दाभोळ दिलं, पण प्रकल्प दाभोळात कधीच नव्हता, तो खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात. दाभोळच्या वाट्याला नुसतं नाव आलं, आणि कंपनी २००१ मध्ये बुडाल्यावर त्या नावाची बदनामी.

संध्याकाळी गुहागर. दिवसभरात एकशे अठरा किलोमीटर, आणि हरिहरेश्वर सोडल्यापासून नऊ तास. माझ्या गाडीने आदल्या आठवड्यात एवढं अंतर एक्स्प्रेस वेवर… नाही, तिथे दुचाकीला बंदी आहे. कारने. दीड तासात. काय पाहिलं ते आठवत नाही.

व्याडेश्वराचं दर्शन घेऊन किनाऱ्यावर गेलो. साडेसातची ओहोटी, वाळू सपाट आणि ओली, नजर जाईल तिथवर. द्वितीयेचा चंद्र जरा उशिराने सुरूच्या बनामागून, म्हणजे आमच्या पाठीमागून उगवला. आमच्या दोन सावल्या एकदम समुद्राच्या दिशेला लांब पडल्या.

रविवार : गुहागर – कुंभार्ली – पुणे

परतीचा दिवस. शृंगारतळी, मार्गताम्हाने, चिपळूण. चिपळूणच्या बाजारपेठेत चहावाल्याने दुकानाच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, २२ जुलै २०२१ च्या पुराची खूण दाखवली. ती त्याने पुसलेली नाही, रंग देताना तेवढी पट्टी मोकळी सोडतो.

पोफळीला कोयनेचं वीजघर. तिथून कुंभार्ली घाट सुरू होतो. ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, डिझेलचा धूर खात, घट्ट क्लच दाबत-सोडत वर आलो. हेळवाकला भजी मागवली आणि मास्तराने वहीच्या मागच्या पानावर नकाशा काढायला घेतला.

कोयना पूर्वेची नदी. कराडला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. पण धरणातलं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीकडे सोडलंय. टर्बाइन फिरवून झालं की ते वाशिष्ठीत पडतं आणि दाभोळला समुद्राला मिळतं. "म्हणजे काल दाभोळला आपण कोयना ओलांडली," मास्तर म्हणाला. कोयना उगम पावते महाबळेश्वरला. मग पेन्सिल थांबली. "आणि बागमांडल्याला?" सावित्री. तीही महाबळेश्वरचीच, पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्रीच्या रांगेतली.

"दोन दिवस, दोन जेट्या, एक म्हैस," मी म्हणालो, "आणि दोन्ही वेळा महाबळेश्वरचंच पाणी. पुण्याहून सरळ तीन तासांत गेलो असतो."

मास्तराने भजी संपवली. "तिथे भरती कुठे असते?"

पाटण, उंब्रज, आणि मग हायवे. उंब्रजच्या पुढे काही सांगण्यासारखं नाही. कंटेनर, उड्डाणपुलांची कामं, खंबाटकीचा बोगदा, कात्रजला ट्रॅफिक. वारज्याच्या पुलाखाली निरोप घेतला. मास्तराने वहीतला हिशेब वाचून दाखवला: एकूण सहाशे बारा किलोमीटर. त्याचं पेट्रोल पावणेनऊ लिटर, माझं अठरा. वायर, दोनशे, खाते माझे.

सोमवारी ऑफिसात मीटिंग लांबली होती. एसी जोरात, पडदे ओढलेले, बाहेर ऊन की सावली कळायला मार्ग नाही. खिशात फोन थरथरला. मास्तराचा मेसेज, "आज चतुर्थी." मला वाटलं संकष्टीचा उपास आठवून देतोय, तो स्वतः तर करत नाही. मग घड्याळाकडे लक्ष गेलं. तीन वाजले होते.